अर्धी साक्ष

"अहो, ही भाकर राहू द्या. आम्ही बेकरीतून पाव आणलाय. ही आपण घरी न्या, मुलांना होईल."

चिटणीसबाईंनी माझ्या हातातला रुमाल नीट उघडलासुद्धा नाही. दोन बोटांनी टोक उचललं आणि सोडून दिलं. चर्चच्या मागच्या खोलीत आणखी चार बायका होत्या. चौघीही फुलदाणीतली फुलं सारखी करू लागल्या. फुलं आधीच सारखी होती.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायची भाकर पाळीपाळीनं सभासदांच्या घरून यायची. एकवीस वर्षं मी सभासद, पण माझी पाळी कधी आली नव्हती. नवे पाळकसाहेब आले, त्यांनी यादी केली, तीत माझं नाव आलं. येरवड्याच्या आमच्या खोलीत मी पहाटे उठले. दोनदा हात धुऊन पीठ मळलं. मिश्रीसुद्धा लावली नाही, आणि मिश्रीशिवाय माझं डोकं चालत नाही. बसमध्ये रुमाल मांडीवर धरून बसले होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

"का पण?" मी विचारलं.

"आपलं मन सध्या थाऱ्यावर नाही, असं कानावर आलं."

कुठून आलं ते मला ठाऊक होतं. बायकांच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायची रीत आहे. उभं राहायचं, संकट सांगायचं, देवानं त्यातून कसं काढलं ते सांगायचं आणि बसायचं. शेवट गोड लागतो. मी तिथंच चुकले. माझा नवरा दोन वर्षं किडनीच्या दुखण्यानं झिजला. मंडळीनं प्रार्थना केल्या, मी उपास केले, तो गेला. मी उभी राहून म्हणाले, "देव ऐकतो का नाही, मला आता सांगता येत नाही. तरी मी येते." एवढंच बोलून बसले. कुणी आमेन म्हटलं नाही.

तेवढ्यात बाईंचे यजमान, मंडळीच्या कमिटीचे प्रमुख चिटणीस, स्वतः आले. त्यांचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. जुनं आडनाव मात्र अजून तसंच, आणि ते सांगताना मान ताठ. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो गावकुसाबाहेर. हे कुणी बोलून दाखवत नाही. पुण्यात सगळं अहोजाहो करून होतं.

त्यांनी कागद पुढे केला, स्वतःचं पेनही दिलं.

"दोन ओळी लिहून द्या. माझा विश्वास अढळ आहे, सभेत बोलले ते चुकीचं होतं. तोवर प्रभुभोजनाला पुढे येऊ नका. आणि त्या मिश्रीचंही जरा बघा."

मी पेन घेतलं. "माझा विश्वास" एवढं लिहिलंही. फार थकले होते हो. शाळेत आयाचं काम, घरी दोन पोरं, रात्री रिकामी कॉट. दोन ओळींनी सुटका होत असेल तर होऊ दे, असं वाटलं. मग पुढचा शब्द लिहायला हात उचलेना.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "खोटं लिहून प्रभूपुढं जाऊ का?"

"मग जाऊ नका," ते म्हणाले आणि पेन परत मागितलं.

मी पेन दिलं. इतकी वर्षं मी शेवटच्या बाकावर बसले, सांगितल्यावर उठले, सांगितल्यावर खुर्च्या मांडल्या. मला वाटायचं, हीच नम्रता. नम्रता नव्हती ती. भीती होती.

उपासनेत पाळकसाहेबांनी बोलावणं केलं, तशी मी उठले. सगळ्यांबरोबर वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले आणि हात पुढे केले. पाळकसाहेब माझ्यासमोर आले. त्यांनी चिटणिसांकडे पाहिलं. मग माझ्या शेजारणीच्या हातावर पावाचा तुकडा ठेवून पुढे गेले. मी हात खाली घेतले नाहीत. रांग उठली तेव्हाच उठले.

त्याला वर्ष होत आलं. दर महिन्याला मी पुढे जाते, दर महिन्याला ते मला ओलांडून जातात. बहीण म्हणते, "दुसरं चर्च बघ की. पुण्यात काय चर्चांचा दुष्काळ आहे?" तिचं म्हणणं खोटं नाही. गुडघे दुखतात. कधी कधी शनिवारीच वाटतं, मरू दे, उद्या झोपून राहावं.

पण मी दुसरीकडे का जाऊ? विश्वास आहे का, विचाराल तर कधी असतो, कधी नसतो. नसतो त्या रविवारीही मी जातेच. मिश्री सुटलेली नाही. नळावरची भांडणंही सुटलेली नाहीत. हे सगळं घेऊन मी कठड्याशी जाणार. प्रभू म्हणाला ऊठ, तर उठेन. चिटणीस म्हणाले म्हणून उठणार नाही.