दवंडीतला ‘म्हणतात’

लाडक्या कोतवाल वारला, तेव्हा खोडाळ्याच्या शोकसभेत चार शब्द बोलायला लोकांनी रोहिदास भाऊसाहेबांना उभे केले. पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस मुळात सभेत खोकायलाही लाजायचा. उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की लाडक्याला आपण ओळखतच नव्हतो. त्याला मुले किती, मूळ पाडा कोणता, इतकेच काय, लाडक्या हे कागदावरचे नाव की घरातले, हेही त्यांना ठाऊक नव्हते. माहीत होता तो त्याचा एक शब्द. “चांगला माणूस होता,” एवढे बोलून ते खाली बसले आणि घरी पोचेपर्यंत हळहळत राहिले, की निदान तो शब्द तरी सांगायला हवा होता.

तो शब्द म्हणजे ‘म्हणतात’.

लाडक्या थाळी बडवत पाड्यापाड्यांतून दवंडी द्यायचा. पण जे स्वतः पाहिले नाही, त्याला ‘असा म्हणतात’ जोडल्याशिवाय त्याची दवंडी पुरी होत नसे. सोमवारी रेशनचा तांदूळ येणार, असा म्हणतात. साहेब दौऱ्यावर येणार, असा म्हणतात. एरवी यात कुणाचे काही अडत नव्हते. तांदूळ यायचा तेव्हा यायचा.

मग करोना आला. पुंजाच्या हॉटेलात टीव्ही होता आणि पुंजा एकच चॅनेल लावायचा. त्यावर सगळीकडे आलबेल असे. कमलेश हा तरुण मास्तर तिथेच बसून मोबाइलवर दुसरे चॅनेल बघायचा. त्यावर सारा देश शेवटच्या घटका मोजत असे. एके दिवशी दोन्हीकडे एकाच दवाखान्याची बातमी लागली. पुंजाच्या टीव्हीत खाटा रिकाम्या आणि कमलेशच्या मोबाइलात जिन्यातही पेशंट. पुंजा म्हणाला, तुझे चॅनेल विकले गेले आहे. कमलेश म्हणाला, तुझे तर जन्मतःच विकलेले आहे. भांडण असे पेटले, की दोघांचेही मास्क हनुवटीखाली आले. कोपऱ्यात बसलेले रोहिदास दोघांकडे बघून मान हलवत होते. शेवटी पुंजाने लाडक्याला गाठले. तूच सांग, खरे कुणाचे?

लाडक्याने बशीतला चहा संपवला. “यातला कोनी तो दवाखाना आपल्या डोळ्यांनी देखला का?”

पुंजा टीव्हीकडे बघू लागला, कमलेश मोबाइलकडे.

“मंग दोघांनाही ‘म्हणतात’ लावा,” असे म्हणून त्याने थाळी उचलली.

लस आली तेव्हा मात्र या शब्दाने घोळ घातला. शिबिराचा मजकूर शुद्ध मराठीत रोहिदासांनीच लिहून दिला होता, ‘लस सुरक्षित आहे, सर्वांनी घ्यावी.’ लाडक्याने पाड्यांवर सांगितले, लस चांगली हाय, असा म्हणतात. शिबिराला दोन कुत्री आली आणि पुंजा; तोही नर्सबाईंना चहा द्यायला. तहसीलदार साहेब भडकले. पुढच्या दवंडीत तो शब्द ऐकू आला, तर काम लाडक्याकडून काढून घेऊ आणि जीपवर रेकॉर्ड केलेला भोंगा फिरवू, असे त्यांनी बजावले.

समजूत घालायला रोहिदास पाड्यावर गेले. लाडक्या चिंचेने थाळी घासत होता. भोंग्याचे त्याला फार लागले होते. भोंग्याला कोणी ओट्यावर बसवून पाणी देणार नाही, कोणी थांबवून उलट विचारणार नाही, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पण शब्द सोडायला तयार नव्हता.

“एकच तर शब्द आहे, लाडक्या. गिळून टाक.”

“तुम्ही घेतली का लस, भाऊसाहेब?”

रोहिदासांनी घेतली नव्हती. दोन्ही चॅनेलांचे एकमत व्हायची ते वाट बघत होते.

“मंग कागदावर तुम्हीपन ‘म्हणतात’ लिवायला पायजे होता.”

दुसऱ्या दिवशी दोघे लस घ्यायला जीपने मोखाड्याच्या दवाखान्यात गेले. सुई दिसताच लाडक्याने रोहिदासांची बोटे अशी आवळली, की पुढे त्यांचा दंड कमी आणि बोटेच जास्त दुखली. घरी आल्यावर लाडक्याला सणसणून ताप भरला. तो उतरला तसा तो थाळी घेऊन बाहेर पडला.

“लस मी घेतली. ताप आला, आंग मोडला. चैतीने देवाला कोंबडा बोलला. ताप गेला, मी नागलीची भाकर खाल्ली, आता कोंबडा जानार. ही माझी देखलेली गोष्ट हाय. भाऊसाहेबांना ताप नाय आला, पन ते रातभर आरशात जीभ बघत होतं, असा म्हणतात.”

ही जिभेची बातमी रोहिदासांच्या बायकोने, नीताने, लाडक्याच्या बायकोला, चैतीला, सांगितली होती. ती खरी होती.

साहेबांनी कपाळाला हात लावला. तापाचे कशाला सांगायचे? पण पुढच्या शिबिराच्या दिवशी रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. त्यातले निम्मे लोक येता जाता भाऊसाहेबांना जीभ दाखवायला सांगत होते. भोंग्याचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

लाडक्या आणि रोहिदास शेवटचे भेटले ते बाजारात. लाडक्याच्या हातात सुकटीची पिशवी होती. नेहमीप्रमाणे काय बोलावे, ते रोहिदासांना सुचेना.

“उद्या एसटी बंद आहे, म्हणतात,” ते म्हणाले.

“कोन म्हणतात?”

“कमलेश.”

“मंग चालू असंल,” लाडक्या म्हणाला.