मूळ रूपात नसलेली जीप

पप्पांची जीप मीच वाचवणार होते. कामगारवस्तीत पत्रकं वाटून माझी भाषा अशीच झालीय, थेट. व्हिंटेज नोंदणीचा अर्जही मी तसाच लिहिला: गाडी पन्नास वर्षांच्या पुढची, तिला व्हिंटेज ठरवा आणि दर वेळच्या फिटनेस तपासणीतून, हरित करातून मोकळं करा. नियमातली पुढची ओळ मी नंतर वाचली. गाडी मूळ रूपात हवी. इंजिनात मोठा बदल नको.

आमच्या जीपचं पेट्रोल इंजिन माझ्या जन्माआधीच निघालंय. पेट्रोल परवडेना म्हणून या पट्ट्यात जो तो जुनं डिझेल इंजिन बसवून घ्यायचा आणि कागदावर नोंद करायची राहून जायची. पप्पा कंपनीत फिटर. त्यांनी शिफ्टमधले दोस्त जमवले आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घरासमोरच ते बसवलं. आरसी बुकात अजूनही पेट्रोलच आहे.

व्हिंटेज झाली नाही, तर साधी तपासणी. त्यात ही धूर ओकणार, नापास होणार, मग भंगार. झोप उडाली माझी.

पप्पा आणि मी चिखलीतल्या गॅरेजवाल्या भाऊंकडे गेलो. ते हसलेच. "ताई, एवढं काय टेन्शन घेता? जुनं पेट्रोल इंजिन आहे माझ्याकडे. व्हिंटेजची समिती गाडी बघायला येईल त्या दिवसापुरतं टाकू. त्यावर तुमच्या आरसीतल्या नंबरचा पंच मारतो. साहेब गेला की परत तुमचं डिझेल."

"म्हणजे बनवाबनवी," मी म्हणाले.

"राव, पोरगी पत्रक वाटायला लागली बघा इथं पण!" भाऊ पप्पांकडे वळले.

खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. फिटनेस सेंटरच्या दारात 'दलाल हटवा' म्हणून घसा फोडणारी मी, पप्पांनी मान डोलवायची वाट बघत होते.

पप्पांनी बॉनेट खाली घेतलं. "भाऊ, हे इंजिन मी बसवलंय. माऊंटिंग मी बनवलंय. एक दिवससुद्धा ते नाही असं कशाला सांगू?"

"मग गाडी जाईल, काका."

"बघू."

समितीतल्या साहेबांसमोर त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं. साहेब वाकले, नंबर पाहिला, आरसी बुक पाहिलं. "काका, हे मूळ नाही. नोंदही नाही."

"नाही. चूक आहे. काम मात्र पक्कं आहे."

अर्ज नामंजूर. ज्याची गाडी बंगल्यात ताडपत्रीखाली झोपली ती वारसा, आणि ज्यानं ती राबवत जिवंत ठेवली त्याची कचरा? मी साहेबांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "मॅडम, नियम मी केला नाही." पप्पांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

डिझेलची नोंद करायला आम्हाला आरटीओत हेलपाटे घालावे लागले, पण झाली. आज साध्या तपासणीच्या रांगेत आहोत. पुढे टेम्पो, मागे रिक्षा. पप्पांनी इंजिन चालूच ठेवलंय, बंद करून पुन्हा स्टार्टर मारला की धूर जास्त येतो म्हणे. मी मागे उभी राहून सायलेन्सरकडे बघतेय. धूर निळा आहे की काळा, काही ठरवता येत नाही.

"बस ना आत," पप्पा म्हणाले.

"नको."

"अगं, तू बघितल्यानं कमी होणारेय का?"

आतून आमच्या गाडीचा नंबर पुकारला. त्यांनी गिअर टाकला.