पाण्यात उभा, तरी तहानलेला

लाखांदूरच्या स्टँडवर पत्रकं वाटत होतो. गावाकडचा एक जण एसटीतून उतरता उतरता म्हणाला, "पार्वताकाकू गेल्या बा." उरलेली पत्रकं तशीच काखेत राहिली...

महिना होत आला. मी भांडकुदळ कार्यकर्ता. शोकातही आवाज चढतो. पण काकूंबद्दल लिहायचं तर आधी आभार.

आणीबाणी उठली त्या पावसाळ्यातली गोष्ट. अड्याळजवळ त्यांच्या धानाच्या बांधीत चिखलणी चालली होती. बांधीत पाणी तुंबलेलं, पण पावसानं दोन दिवस दडी मारलेली, ऊन चटके देणारं. रेड्यांच्या जोडीतला एक हेला चिखलातच बसला. जीभ बाहेर, उठेना. तो गेला तर रोवणी अडणार, आणि रोवणी अडली तर वर्षभर चुलीवर काय चढणार? त्यांचे यजमान दागोकाकाजी काठी उगारून मागे उभे. मी बांधावरून ओरडलो, "पाणी हाही जनावराचा आहारच! सकाळपासून पाजलंत का त्याला?"

"लेका, सकाळपासून पान्यातच तं उभा होता. त्याले कायची तहान?"

ही आमच्या धानपट्ट्यातली खास चूक. हेला पोटापर्यंत भिजला म्हणजे प्यालाच! अहो, मानेवर जू, तोंड खाली पोचत नाही. पोचलं तरी शेण आणि युरियाचा गाळ. मी तावातावानं बोलत सुटलो. ऐकतो कोण?

तेवढ्यात काकाजींनी घाम पुसत पाण्याचा गडवा मागितला. काकूंनी तो पाठीमागे लपवला.

"काहून? गुडघाभर पान्यात उभे आहा नं? वाका अन् प्या!"

रोवणीसाठी रोपं उपटणाऱ्या बाया खिदळल्या. "येडी झाली काय वं?" काकाजी खेकसले. मग पायाखालच्या गढूळ पाण्याकडे बघत राहिले... आणि गुमान जू सोडलं. काकूंनी विहिरीच्या बादल्या हेल्याच्या तोंडाशी धरल्या. थांबून थांबून प्याला तो. उन्हं कलली तेव्हा उठला. दुसऱ्या दिवशी रोवणी लागली.

जनावरांच्या खुराकातल्या ढेप, सरकी, क्षार यांवर साहेब लोक भाषणं ठोकतात. पाण्याचं नाव नाही, कारण ते पोत्यात भरून विकता येत नाही! हेच सांगणाऱ्या माझ्या पत्रकांत आंधळगावच्या बाजारात चिवडा बांधला गेला. काकूंचं "वाका अन् प्या" मात्र गावोगाव पोचलं. माझी चळवळ त्या तीन शब्दांवर चालली.

परवा भेटायला गेलो. काकाजी बांधीत होते. भर दुपार, ओठ सुकलेले. मी गडवा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. जोडी सोडून विहिरीकडे वळवली.

"थांब बा. पयले त्याईले. नाई तं तुही काकू मले बांधीतलंच पानी पाजन."