निळ्या पिंपावरचं कमळ

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, अंबरनाथ पश्चिमेला आले तेव्हा नळाला दिवसाआड पाणी येत होतं. लेकीला पाणी कमी पडू नये म्हणून बाबांनी त्यांच्या केमिकल कंपनीतलं एक रिकामं निळं पिंप आणलं. चाळीत घरोघर अशीच पिंपं होती. माणूस एमआयडीसीत कामाला आणि घरात पिंप नाही, म्हणजे नाकच कापलं! बाबांनी ते चिंच-सोड्याने घासलं, तीन दिवस उन्हात ठेवलं आणि पांढऱ्या ऑइल पेंटने वर लिहिलं, ‘पिण्याचे पाणी’. खाली हौसेने एक कमळही काढलं.

दोन महिने मी ते पाणी प्याले. ऊन तापलं तसा पाण्याला गोडसर वास यायला लागला. आई म्हणाली, “पोटुशी बाईला कशाचाही वास येतो गं.”

बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले तेव्हा मी विचारलं, “ह्यात आधी काय होतं?”

“आम्हाला नाव नाय सांगत. ड्रमवर नंबर असतो.”

“मग नंबर?”

“तो मीच घासून काढला ना, चांगलं दिसावं म्हणून.”

त्या दिवसापासून बाळाने लाथ मारली की भीती वाटायची, नाही मारली की त्याहून जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिंपात काय होतं ते कळल्याशिवाय काय सांगू? बाबांना अन्न गोड लागेना. त्यांनी पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि ब्याद गेली म्हणून मला हायसं वाटलं.

मुलगी झाली. मी आधी तिची बोटं मोजली. सगळी होती. तरी ती साधी शिंकली की मला पिंप आठवायचं.

ती वर्षाची असताना तिला घेऊन आईबरोबर बदलापूरच्या पुढे एका पाड्यावर गेले, आमच्या भाजीवालीकडे. ऊन मी म्हणत होतं. भाजीवालीने अंगणातल्या पिंपात तांब्या बुडवून माझ्यापुढे धरला. “घे बाय, थंड हाय.”

पिंपावर बाबांचं अक्षर होतं. खाली कमळ. पिंपाला धरून तिची नात उभी राहायला शिकत होती.

सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? नंबर तर बाबांनी घासून टाकलेला. आणि पिंप घरातून जाताना ते फोडा, असं मीही म्हटलं नव्हतं. मुलीला छातीशी घट्ट धरून मी म्हणाले, “तहान नाही.”

भाजीवाली हसली आणि तोच तांब्या तिने नातीच्या तोंडाला लावला. तेव्हा मी किंचाळले.