बेसिनखालची टाइल

आमच्या बाथरूममध्ये उघडता येणारी टाइल नव्हतीच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

डोंबिवलीतल्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायला काढलं तेव्हा तिची एकच अट होती. पाइप भिंतीत जाऊ देत, पण जिथे जॉइंट येईल तिथली एक टाइल उघडणारी हवी. तिच्या माहेरी, कल्याणला, एका गळतीपायी अख्खी भिंत फोडावी लागली होती. मी हो म्हटलं. पण काम चालू असताना घरी मी एकटाच असायचो, आणि त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीत चौकोनी झाकण म्हणजे मला ठिगळ वाटायला लागलं. प्लंबरला म्हटलं, राहू दे, सगळं सलग कर. संध्याकाळी ती ठाण्याहून ऑफिस करून आली.

"सोय ठेवलीस ना रे?"

"ही काय, बेसिनखालची. नुसती सिलिकॉनवर आहे." सिमेंटने पक्क्या बसवलेल्या टाइलवर मी टिचकी मारून दाखवली.

पुढल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला ओल होती. अशा वेळी सोसायटी करते तेच केलं. आमच्या मोरीच्या जाळीत रंगाचं पाणी ओतलं आणि खाली रंग उतरतो का याची वाट पाहिली. नाही उतरला.

"रंगपंचमी झाली, भिजलं मात्र कुणीच नाही," सेक्रेटरी म्हणाले. "काकू, आता तुमच्याच भिंतीत शोधा."

मोरीत ओतलेला रंग नळाच्या पाइपात जात नाही. आणि नळाचा जॉइंट टाइलमागे कुठे आहे, हे तिथे उभ्या असलेल्यांत मला एकट्याला माहीत होतं. पण बोललो असतो तर ती बेसिनखालची टाइल उघडून दाखवावी लागली असती, बायकोसमोर. सगळे हसले, मीही हसलो.

काकूंनी स्वतःची भिंत फोडली. काम संपेपर्यंत त्या आणि काका शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होते. काकांचा गुडघा दुखरा. खांद्यावर पंचा टाकून, भिंत धरत चाललेले मला जिन्यातून दिसायचे. नवा पाइप बसला. नेमके तेव्हाच आम्ही बाथरूमच्या पाण्याचा कॉक बंद करून गावी गेलेलो. परत आलो तर काकू अळूवड्यांचा डबा घेऊन दारात.

"सुकली रे भिंत. आमचंच होतं. तुमच्यावर उगाच आळ घेतला, मनात ठेवू नका हं."

"छे हो काकू," मी म्हटलं आणि डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून टाइल फोडून घेतली. आतल्या विटा काळ्या पडलेल्या. जॉइंट बदलला आणि या खेपेला खरोखरचं झाकण बसवलं. बायकोला सांगितलं, जॉइंट तपासायला उघडली तेव्हा टाइल फुटली.

"बघ, सोय होती म्हणून निभावलं," ती म्हणाली. ओळखीत कुणी बाथरूमचं काम काढलं की ती त्यांना ते झाकण अजून दाखवते.

काका गेले. काकू अजून खालीच राहतात, आणि आपली भिंत आपल्याच पाइपामुळे भिजली होती असं समजून आहेत. ती ओल आमची होती, एवढं सांगायचं देणं मी त्यांना लागतो. त्याआधी बायकोला.