चीनहून नापास होऊन

हिंदुस्थान आणि चीन एकमेकांना भाऊ म्हणत होते त्या काळात मी पेकिंगला इंजिनियरिंग शिकायला गेलो. सरकारी शिष्यवृत्ती होती. कर्जत आणि खालापूरच्या मधलं आमचं गाव भातशेतीचं. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चीन कुठल्या दिशेला आहे हे वडिलांना ठाऊक नव्हतं, पण पोरगा धरणं बांधायला शिकतोय, एवढं ते भेटेल त्याला सांगत.

पहिलं वर्ष नुसती भाषा शिकण्यात गेलं. पुढे खरे वर्ग सुरू झाले आणि माझी दाणादाण उडाली. शिक्षक कुठल्याशा दक्षिणेकडच्या प्रांतातले होते. भाषेच्या वर्गात ऐकलेली चिनी आणि त्यांची चिनी यांचा मला मेळच लागेना. त्या भाषेत सूर चुकला की शब्दच बदलतो. पाण्याच्या दाबावर मला एकदा उभं राहून उत्तर द्यायचं होतं. मी सगळा वेळ झोपेच्या दाबाबद्दल बोललो. वर्गात कुणीही हसलं नाही. बसल्यावर शेजारच्याने हळूच माझ्या वहीत बरोबर अक्षर काढून दाखवलं, तेव्हा माझे कान तापले.

चाचण्यांत मी मागे पडू लागलो तशी आमच्या वर्गाने एक सभा घेतली. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण मुलं-मुली एकेक करून उठली आणि स्वतःलाच दोष देऊ लागली. एक म्हणाला, मी त्याच्याशी फार भरभर बोलतो. एक मुलगी म्हणाली, रविवारी त्याला शिकवायचं सोडून मी कपडे धूत बसले. माझा खोलीतला सोबती तर रडवेला झाला होता. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या अंगावर एकच कापूस भरलेला कोट होता, आणि माझ्यासाठी वेगळं जेवण शिजत असे. मी मान वर केली नाही.

परीक्षा तोंडी असे. टेबलापलीकडे तीन शिक्षक बसले होते. त्यांनी प्रश्न विचारला. मी म्हणालो, "वो थिंग-पू-तोंग, छिंग त्साय श्वो ई प्येन." म्हणजे, मला समजलं नाही, कृपया पुन्हा एकदा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, मग आणखी सावकाश सांगितलं, मग फळ्यावर लिहिलं. मी दर वेळी तेच वाक्य म्हणत राहिलो. ते एवढं घोटलेलं होतं की त्यात एकही सूर चुकत नव्हता. पुढच्या खेपेलाही तसंच झालं, आणि अतिशय सभ्य शब्दांत मला घरी पाठवण्यात आलं.

मी येतोय एवढंच घरी कळवलं होतं. कर्जत स्टेशनवर उतरलो तर अर्धं गाव हारतुरे आणि ताशा घेऊन उभं. वडिलांनी नवी टोपी घातली होती. पाया पडण्याच्या निमित्ताने वाकलो आणि उठताना त्यांच्या कानाशी म्हणालो, "बाबा, मी नापास झालोय. पदवी नाही मिळाली."

माझ्या गळ्यातला हार नीट करत ते म्हणाले, "आता काय बोलू नको रं. लोकं कामं टाकून आलीत." आणि मला बैलगाडीत चढवलं.

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. हेडमास्तरांनी मला चिनी बोलून दाखवायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि तोंडातून तेच वाक्य बाहेर पडलं. मला समजलं नाही, कृपया पुन्हा एकदा सांगा. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत वडीलही टाळ्या वाजवत होते, नजर जमिनीकडे लावून.

पुढे मी खालापूरच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. गावात मात्र मला इंजिनियर म्हणत. कुणाचा पंप अडला, बांध फुटला की बोलावणं येई. मी जाई, पान्याने दोन नट फिरवी, काहीबाही सांगून परते. त्याविषयी वडील आणि मी कधीच बोललो नाही.

मग चीनशी लढाई पेटली आणि एका सकाळी फौजदार आमच्या अंगणात आले. गाव गोळा झालं. तिथे काय शिकलात, कुणाला भेटत होतात, आता कुणाशी संबंध आहे का, असं ते विचारत गेले. पदवीचा कागद दाखवा म्हणाले. वडील दारात उभे होते. मी म्हणालो, "नाही मिळाला. मी नापास झालो."

फौजदारांचा विश्वास बसेना. एवढी वर्षं तिकडे राहून रिकामा कोण येतो, असं त्यांनी मोठ्याने विचारलं. तेवढ्यात आमचे शेजारी पुढे आले. त्यांचाच पंप मी दोनदा बिघडवून ठेवला होता.

"खरं हाय सायेब," ते म्हणाले. "त्याला काय बी येत नाय. आमाला पयल्यापासून ठावं हाय."

मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. बांध कसा पुन्हा वाहून गेला, मी गेल्यावर कर्जतहून मिस्त्री कसा आणावा लागला, सगळं बाहेर आलं. कुणाच्याही आवाजात राग नव्हता. मला सोडवण्यासाठी ते सारे आपापली आठवण पुढे करत होते. फौजदारांनी लिहून घेतलं, चहा घेतला आणि ते गेले.

सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते मला बोलवत होते, पंपाशी बसवत होते, माझ्यासमोर मान डोलवत होते. कशासाठी, तर वडिलांची टोपी ताठ राहावी म्हणून. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अंगण रिकामं झाल्यावर वडील पायरीवर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुला म्या गप्प बसवलं," ते म्हणाले. "स्टेशनावरच सांगून टाकायला पायजे हुतं." "नाही बाबा," मी म्हणालो, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून गावात मला कुणी इंजिनियर म्हटलं नाही. घरच्या नावाने हाक मारू लागले. कितीतरी वर्षं त्या हाकेला ओ देताना मी मान खाली घालत असे.