एसीच्या खोलीतली जागा

मी मेकॅनिकल इंजिनिअर होऊन नेमकं काय करते, हे विद्यानगरच्या माझ्या मावशीला कधीच उमगलं नाही. "इमारतीत हवा-पाणी कसं खेळवायचं ते ठरवते," असं सांगितलं की ती घरातल्या खडखडणाऱ्या एसीकडं बोट दाखवायची. "मग एवढा बघून जा की गं!"

पहिल्या नोकरीतली उमेदवारी संपत आली होती. कायम करतील की नारळ देतील, या धास्तीनं जेवण गोड लागत नव्हतं. त्यातच दिलसुखनगरच्या एका दुकानांच्या इमारतीची बैठक आली. तिथल्या एसी यंत्राची खोली मी आखली होती. नकाशा पाहून मालक भडकलेच.

"मशीन रखने कू इत्ती जगा कायकू? आधे में करो. और ये बच्ची मेरे काम पे नक्को!"

एवढं मोठं गिऱ्हाईक. मॅडम माझाच बळी देणार, असं वाटलं. मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ, मितभाषी तेलुगू बाई. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि लेकीला म्हणावं तसं मला म्हणाल्या, "टेप निकालो, अम्मा."

आमच्या ऑफिसात रिवाजच होता. खोलीच्या मापावरून वाद झाला की जमिनीवर चिकटपट्टीनं ती आखायची आणि आत उभं राहून बघायचं. मी खुर्च्या सरकवल्या, मालक म्हणत होते तेवढीच, निम्मी खोली आखली, यंत्राच्या जागी टेबल लावलं आणि टेबलाखाली एक रुंद पुठ्ठा सरकवला. 'बच्ची' म्हटल्याचा राग होताच.

"सर, ये फिल्टर है. धोने के लिए बाहर निकालना पडता. निकालिए."

मालक चांगले भरल्या अंगाचे. ते वाकले, पुठ्ठा ओढला आणि मागं सरता सरता पट्टीच्या पार बाहेर गेले.

"सर, आप दीवार में हैं," मी म्हणाले.

मालकांनी वाकून पट्टीकडं पाहिलं. मग तेच खो खो हसले. "हौ, मेरा आदमी तो अंदरिच फसेंगा. रख्खो तुमारी खोली!"

जिना उतरताना मी मॅडमना विचारलं, "उनसे निकल जाता तो?"

"कैसे निकलता? वो आधे में बोलेंगे, मालूम था. कल शाम को उत्ते में टेप लगाके मैं देखी ना. मैं भी फसी."

पुढं मला कायम केलं, त्याचा आनंद झालाच. पण सगळं ठाऊक असूनही त्या बाईंनी स्वतः उत्तर न देता टेप माझ्या हातात दिली, ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.